आठ पायांचा हत्ती

धारच्या एका तंत्रशाळेत मी तीस वर्षं यंत्रशास्त्र शिकवलं आणि त्या तीस वर्षांत माझ्या हातून एकही यंत्र हललं नाही. फळ्यावर मात्र पुष्कळ हलवली. चार दांडे, चार सांधे आणि एक फिरणारा क्रँक खडूने काढायचा, बाणाने दिशा दाखवायची, "आता हे असं फिरेल" म्हणायचं आणि डस्टरने पुसून टाकायचं. पुढे खरंच फिरतं का, असं एकाही विद्यार्थ्याने विचारलं नाही. विचारलेला प्रश्न परीक्षेत येतो, एवढं व्यवहारज्ञान त्यांना माझ्याशिवायही होतं.

निवृत्तीनंतर देवासला राहायला आलो. या गावात एके काळी दोन राज्यं शेजारीशेजारी नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. राज्यं कधीच गेली. पण इथल्या मराठी माणसांनी दोन्ही पात्या अशा जपल्या आहेत, की खुद्द राजांनाही हेवा वाटावा. मंडळं दोन, गणपती दोन, कोजागिरीचं दूधही दोन पातेल्यांत आटतं. दसरा तेवढा एक, म्हणून त्यासाठी संयुक्त समिती आहे. तिला अध्यक्ष दोन आणि सचिव एक, कारण दुसरा कोणी तयार होईना.

समितीकडे एक जुनी चाल आहे. दसऱ्याला मिरवणूक गावाबाहेरच्या मैदानावर जाते, तिथे चुन्याने एक रेघ मारलेली असते. ती सीमा. आधी हत्ती ती ओलांडतो, मग माहुताला फेटा आणि नारळ देतात, आणि त्यानंतर बाकीचे लोक एकमेकांना आपट्याची पानं देऊन सोनं लुटल्याचा आनंद मानतात. पुढे खरा हत्ती आणायला परवानगी मिळेनाशी झाली. समितीने प्लास्टरचा हत्ती करून घेतला, तो ट्रॉलीवर चढवला आणि त्याच बैठकीत ठराव केला: चाकांवर जातो तो रथ, हत्ती नव्हे; हत्ती नाही तिथे माहूत नाही; सबब माहुताचा मान स्थगित. हा ठराव सचिवांनी स्वतः लिहिला होता. ते वीज खात्यातून निवृत्त झाले होते, त्यामुळे एखादी गोष्ट बंद करण्याची भाषा त्यांच्या हातात बसलेली होती.

ज्या घराचा मान स्थगित झाला, त्या घरातला आजचा माणूस पीथमपूरच्या एका कारखान्यात फिटर आहे. आठवडाभर तिकडे खोली घेऊन राहतो, रविवारी देवासला येतो. त्याचा आजा खरोखरीचा माहूत होता. बाप कधी हत्तीवर बसला नाही, पण दर दसऱ्याला धुतलेलं बंडी-धोतर घालून रेघेपाशी उभा राहायचा आणि कोणी काही दिलं नाही की घरी यायचा. बाप गेल्यावर फिटर उभा राहू लागला, पँट-शर्टात. मी त्याला माहूतच म्हणतो.

एका रविवारी तो ठरावाची प्रत घेऊन माझ्याकडे आला. सोबत एक जाड वही होती.

"सर, चाकावर चालत नाही ना? मग पाय लावू."

"कशाला?"

"हत्तीला. तुम्ही शिकवलं होतं. दुसऱ्या वर्षाला, दिवाळीच्या आधी."

तो माझा विद्यार्थी होता हे मला तेव्हा कळलं. वही उघडली, तर आत माझीच चार दांड्यांची जोडणी, मापांसकट. 

"हे मी पुसलं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही पुसलंत. मी आधी उतरवून घेतलं."

मी त्याला समजावलं, की एका फेट्यासाठी एवढा खटाटोप कशाला. तो शांतपणे म्हणाला, "फेटा बाजारात भेटतो, सर. साल्याच्या लग्नात मी एकटाच दोन घेऊन आलो. हा तसा नाही. बाप उभ्याउभ्या गेला, त्याला कोणी म्हटलं पण नाही की भिया, जरा सावलीत ये."

मी वही ठेवून घेतली. रिकामा वेळ भरपूर होता.

चालणारं यंत्र करणं म्हणजे काय, ते मी बायकोला करंजीवरून सांगितलं. तिला दुसऱ्या कशात रस नव्हता. क्रँक गोल फिरतो. पण पाऊल गोल फिरून चालत नाही. ते खाली असताना जमिनीलगत सरळ मागे सरकायला हवं, आणि वर असताना कमानीत उचलून पुढे यायला हवं. म्हणजे पावलाने हवेत करंजी काढायची, सपाट बाजू खाली. गोल फिरण्याची करंजी करणं हे मधल्या दांड्यांचं काम. त्यांच्या लांबींचं आपसातलं प्रमाण बरोबर असेल तर करंजी होते. जरा चुकलं तर भजं होतं.

"मग करंजीचा साचा वापरा," ती म्हणाली.

एका अर्थी तेच केलं. महिनाभर जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि कागदाच्या टाचण्या घेऊन मी जेवणाच्या टेबलावर पाय चालवत होतो. शेवटच्या दांड्याला पेन्सिल बांधायची आणि ती काय काढते ते बघायचं. पहिल्यांदा तिने वाटाणा काढला, मग चप्पल, मग एक आकार ज्याला नाव नाही. विसाव्या की एकविसाव्या खेपेला करंजी आली. मी तो कागद बायकोला दाखवला. ती म्हणाली, कड नीट बंद झालेली नाही.

एक अडचण उरली. हत्ती पाऊल उचलतो तेव्हा उरलेल्या पायांवर तोल सांभाळतो. लोखंडाला तेवढी अक्कल नसते. म्हणून मी प्रत्येक पाय जोडीचा केला. एक वर असेल तेव्हा त्याच्या शेजारचा खाली. म्हणजे एकूण आठ पाय. वर ई-रिक्षाची मोटर आणि बॅटरी, तिथून साखळीने पुढे-मागे दोन क्रँक, आणि या सगळ्यावर तोच जुना प्लास्टरचा हत्ती, पाय कापून.

समितीपुढे आराखडा ठेवला. सचिवांनी चष्मा वर केला.

"सर, हत्तीला चार पाय असतात."

"झूल खालपर्यंत सोडू. दिसणार नाहीत."

"दिसण्याचा प्रश्न नाही. परंपरेचा आहे."

परंपरेचा प्रश्न पाऊण तास चालला. शेवटी इतिवृत्तात 'पाय: चार (जोड)' असं लिहायचं ठरलं आणि सर्वांनी पोहे खाल्ले.

मग खरी बैठक सुरू झाली: हत्ती करणार कोण? थोरल्या बाजूचे अध्यक्ष म्हणाले, पुढचे पाय आमचे. धाकट्या बाजूचे अध्यक्ष उसळून म्हणाले, "म्हणजे सोंड तुमची आणि शेपटी आमची होय? वा रे वा!" तेव्हा समेट असा झाला, की मागच्या पायांबरोबर मोटर आणि बॅटरीही धाकट्या बाजूकडे राहतील. "हरकत नाही," धाकटे अध्यक्ष बसत म्हणाले, "चालवणारी शक्ती मागूनच असते." आपण काहीतरी खोल बोललो असं त्यांना वाटलं आणि ते त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं.

म्हणून एकाच हत्तीचे पुढचे पाय गावाच्या एका टोकाला तयार झाले आणि मागचे दुसऱ्या. पुढच्यांवर देखरेख करायला माहूत स्वतः दर रविवारी जाऊन उभा राहायचा. मागच्यांच्या कारखान्यात त्याला कोणी शिरू दिलं नाही, कारण त्याचं घर थोरल्या बाजूला येतं. तिथे फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करणारा एक मिस्त्री होता. त्याला मी काढलेला नकाशा पोचवला: प्रत्येक दांड्यापुढे त्याची लांबी, स्वच्छ अक्षरात.

दोन्ही भाग अष्टमीच्या दुपारी माझ्या अंगणात प्रथमच भेटले. माझं अंगण का, तर दोघांपैकी कोणाच्याच अंगणात ते भेटायला तयार नव्हते. संध्याकाळपर्यंत नट आवळून झाले. नवमीच्या सकाळी मोटर सुरू केली. पुढचे पाय असे उचलले, की मी बायकोला हाक मारली. तीस वर्षं पुसलेलं ते सगळं समोर चालत होतं. मागचे पाय मात्र घरात सपाता घासत फिरणाऱ्या माणसासारखे जागच्या जागी सरकत होते. दोन पावलांत हत्ती ताणला गेला, साखळी कण्हली, आणि मागचा भाग बसू की नको अशा अवस्थेत वाकला. माहुताने मोटर बंद केली.

त्याने खिशातून टेप काढला, मागचा एक दांडा मोजला, मग पुढचा. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, यांनी टोकापासून टोकापर्यंत मोजलं आहे."

अशा जोडणीतला दांडा भोकापासून भोकापर्यंत मोजायचा असतो. भोकांच्या बाहेरचं लोखंड हिशेबात नसतं. मागच्या प्रत्येक दांड्याची भोकं त्यामुळे दोन-दोन इंच जवळ आली होती. मोठ्या दांड्यांनी ते सोसलं. क्रँक मुळात लहान, तो जवळजवळ निकामी झाला. मिस्त्रीला बोलावलं. तो जराही ओशाळला नाही.

"भिया, जाली तो ऐसेई नापते हैं. नक्शे में छेद का कहाँ लिखा है?"

लिहिलं नव्हतं. तीस वर्षं जे वर्गात पहिल्या दिवशी सांगत आलो, तेच मी कागदावर लिहिलं नाही, कारण ते कोणालाही माहीत असतं असं मला वाटलं. मी दोन्ही अध्यक्षांना तसं सांगून टाकलं. दोघेही नाराज झाले. त्यांना चूक हवी होती, पण समोरच्या पातीची. माझी चूक कोणाच्याच कामाची नव्हती.

"रात्रीत टोकांना पट्ट्या वेल्ड करून दांडे वाढवतो," माहूत म्हणाला. "वेल्डिंग मशीन कोणाकडे आहे?"

कोणाकडेही नव्हतं, म्हणजे होतं, पण ती खंडेनवमी होती. गावातल्या एकूणएक मराठी घरात आणि कारखान्यात हत्यारं पाटावर मांडून हळद-कुंकू वाहिलेली. वेल्डिंग मशीनवर झेंडूची माळ, ड्रिलवर अक्षता, पान्यांच्या गळ्यात दोरा. आज हत्याराला हात लावायचा नाही. एका मालवी दुकानदाराचं मशीन मोकळं होतं, तर सचिवांनी सांगितलं की पूजेच्या दिवशी दुसऱ्याच्या हत्याराने काम करणं हे आपल्या हत्याराचा अपमान करण्यासारखं आहे. असा नियम कुठे आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले, आता झाला.

दसऱ्याला हत्ती ट्रॉलीवरून मैदानावर आणला आणि रेघेपासून चार हातांवर उतरवला. झूल जमिनीपर्यंत, कपाळावर रंग, दोन्ही अध्यक्ष जरीच्या उपरण्यात. माहूत धुतलेल्या बंडी-धोतरात होता. बापाचंच असावं, कमरेत सैल होतं. एका हातात आज्याचा अंकुश, दुसऱ्यात वायर जोडलेला स्विचचा डबा.

त्याने बटण दाबलं. पुढचे पाय उचलले, पुढे आले, टेकले. पुन्हा उचलले. रेघेच्या पलीकडे टेकले. ढोल वाजले. तिसऱ्या पावलाला मागचा भाग अडला, माहुताने मोटर थांबवली आणि हत्ती रेघ पोटाखाली घेऊन उभा राहिला: पुढचे पाय सीमेपलीकडे, मागचे अलीकडे.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अरे भिया, हाथी को लकवा मार गिया क्या?"

थोरले अध्यक्ष मात्र खुशीत होते. "ओलांडली! ओलांडली!" म्हणत त्यांनी आपट्याची पानं वाटायला सुरुवात केली. धाकट्या अध्यक्षांनी हात पुढे केला नाही.

"कोणी ओलांडली? आमचे पाय इकडेच आहेत."

"ते तुमचं तुम्ही बघा. आमचा दसरा झाला."

परिस्थितीचा अर्थ आता धाकट्यांना कळला. थोरली पाती सीमोल्लंघन करून मोकळी झाली होती, आणि धाकटी पाती हत्तीच्या ढुंगणासह अजून नवमीतच उभी होती. पुढे जे झालं ते कोणत्याही यंत्रशास्त्रात बसत नाही. धाकट्या अध्यक्षांनी उपरणं कमरेला बांधलं, "लावा रे खांदा!" म्हणाले, आणि सात-आठ प्रतिष्ठित गृहस्थ, त्यात एक दंतवैद्य आणि एक निवृत्त प्राचार्य, झुलीखाली शिरले. "हर हर महादेव" झालं. हत्तीचा मागचा भाग वर उचलला गेला आणि सीमेपलीकडे धप्पकन ठेवला गेला. एका गृहस्थांची पगडी आतच राहिली.

आता मानाची वेळ. माहूत पुढे येऊन उभा राहिला. सचिवांनी वही उघडली आणि दोन्ही अध्यक्षांशी कुजबुजून निर्णय सांगितला. हत्ती पुढे स्वतःच्या पायांनी गेला, मागे दुसऱ्यांच्या हातांनी. सबब मान अर्धा. नारळ आज, फेटा राखून ठेवण्यात येत आहे.

मला वाटलं, तो नारळ तिथेच आपटेल. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि माझ्यापाशी आला.

"सर, मागची करंजी तेवढी राहिली."

हत्ती परत माझ्या अंगणात आला, कारण पात्या दोन आणि जागा ठरेना. बायकोने त्याच्या सोंडेवर टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली. पुढचे दोन रविवार माहूत सकाळी नऊला यायचा. मागचे सोळाच्या सोळा दांडे आणि क्रँक त्याने सोडवले, टोकांना पट्ट्या वेल्ड केल्या, भोकापासून भोकापर्यंत मोजून नवी भोकं पाडली. मी टेपचं दुसरं टोक धरायचो. तीस वर्षांत प्रथमच मला एखाद्याने "सर, नीट धरा" असं सुनावलं. दुसऱ्या रविवारी दुपारी चारला हत्ती फाटकापासून पेरूच्या झाडापर्यंत नऊ पावलं चालला. सोबत बायकोचे टॉवेलही गेले. तिने चिमटे सावरत विचारलं, "आता कड बंद झाली का?"

मी सचिवांना फोन केला. ते म्हणाले, "आनंद आहे. पण दसरा झाला. सीमा वर्षातून एकदाच असते, सर. पुढच्या वर्षी विषयपत्रिकेवर घेऊ."

माहुताला निरोप सांगितला. त्याने हात पुसले आणि विचारलं,

"सचिवांचं घर याच गल्लीत ना? टोकाला?"

"हो. का?"

"सरळ रेषेत आहे. याला वळता येत नाही."

सोमवारी सकाळी साडेसहाला, पीथमपूरची गाडी पकडायच्या आधी, त्याने हत्ती आमच्या फाटकातून बाहेर काढला. अंगावर झूल नव्हती. आठही पाय उघडे, लोखंडी, करंज्या काढत चालले होते, आणि माहूत डबा हातात धरून, खांद्याला शबनम पिशवी लटकवून सोबत चालत होता. दूधवाल्याने मोटरसायकल नालीत घातली. खिडक्या उघडल्या. "अरे ये तो चल रिया है!" कोणीतरी म्हणालं, आणि दात घासणारी निम्मी गल्ली मागे निघाली. मी चपला घालायला विसरलो होतो. हत्ती ना घाईत, ना लाजेत. समितीचा नियम मोडतो आहे याची त्याला कल्पना नव्हती.

सचिवांच्या दारात त्यांच्या पत्नीने नुकतीच रांगोळी काढली होती. हत्ती तिच्यावरून गेला, पुढची पावलं, मग मागचीही, एकामागोमाग एक, आणि सोंड व्हरांड्यात शिरल्यावर माहुताने बटण सोडलं.

सचिव तोंडात ब्रश आणि खांद्यावर पंचा अशा वेशात बाहेर आले. फेसातून त्यांनी दसरा, ठराव आणि सीमा हे तीन शब्द उच्चारले.

"आपला उंबरा सीमा नाही का?" मागून त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "परवा तुमच्या मेव्हण्याला बाहेरूनच परत पाठवलंत, तेव्हा तर होती." त्या आत गेल्या आणि डांबरगोळ्यांच्या वासाचा एक फेटा घेऊन आल्या. तो सचिवांच्याच कपाटात राखून ठेवलेला होता. "बांधा हो. हत्ती दारात किती वेळ उभा करायचा?"

सचिवांना फेटा बांधता येत नव्हता. मलाही येत नव्हता. आजकाल सगळे तयार बांधलेले आणतात. शेवटी माहुताने खाली मान घालून, अंकुश काखेत धरून स्वतःच बांधला; सचिवांनी फक्त शेवटचं टोक खोचलं, म्हणजे मान दिल्यासारखं झालं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. तो माझ्या पाया पडला. त्याला गाडी गाठायची होती.

फेटा बांधूनच तो गेला, शबनम लटकवून, चौकाकडे झपाझप. तो दिसेनासा झाल्यावर आमच्या लक्षात आलं, की स्विचचा डबा त्याच्या शबनममध्येच गेला आहे. मी फोन लावला.

"अरेरे! रविवारी आणतो ना, सर," तो म्हणाला. मागे बसचा हॉर्न आणि पाच-सहा जणांचं हसणं ऐकू येत होतं.

डबा चुकून गेला, असं तो अजूनही सांगतो. तो आठवडाभर हत्ती सचिवांच्या दारात उभा होता आणि सचिव मागच्या दाराने जा-ये करत होते. त्यांच्या पत्नी रोज सकाळी हत्तीच्या प्रत्येक पावलाभोवती रांगोळी काढायच्या. चार काढायच्या की आठ, हे त्यांनी कुठल्याही समितीला विचारलं नाही. त्या आठच काढत होत्या.